देहाचा आग्रह कोणाचा?

आत्म्यास लिंग नाही. मग पुरुषदेह लाभलेल्याने स्त्री होण्याचा हट्ट का धरावा, असा प्रश्न प्रवचनानंतर सभामंडपात विचारला जातो. प्रश्न वेदान्ताचा वाटतो खरा. परंतु तोच प्रश्नकर्ता आपल्या मुलाने मुलगाच राहावे म्हणून कंबर कसतो, तेव्हा देहाचा हा आग्रह नेमका कोणाचा, असे आम्हांस विचारावेसे वाटते.

शिखंडीची कथा आपण भीष्मवधापुरती स्मरतो. उद्योगपर्वात तिचा पूर्वभाग आहे. द्रुपदाघरी कन्या म्हणून जन्मलेली, पुत्र म्हणून वाढविलेली शिखंडी विवाहानंतर सत्य उघडकीस येताच प्राणत्यागासाठी अरण्यात जाते. तिचे दुःख व आजच्या रुग्णाचे दुःख एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण स्थूणाकर्ण यक्षाने शास्त्रार्थ मांडला नाही. आधी तिचे गाऱ्हाणे विचारले, मग आपले पुरुषत्व दिले.

जन्मतः ठरविलेले लिंग व अंतरीची ओळख यांच्या विसंगतीमुळे होणाऱ्या तीव्र क्लेशास वैद्यक ‘जेंडर डिस्फोरिया’ म्हणते. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही विसंगती मनोविकारांत गणलेली नाही. उपचार म्हणजे शस्त्रक्रियाच, हा समजही खोटा. प्रथम जाणत्या मानसतज्ज्ञाशी सावकाश बोलणे असते. कोणास नाव व वेष पालटूनच स्वास्थ्य लाभते. कोणी संप्रेरके घेतात. टेस्टोस्टेरॉनने दाढी येते, आवाज जाड होतो. आणि जाड झालेला आवाज औषध थांबविल्याने पूर्ववत होत नाही. इस्ट्रोजेनने होणारी स्तनवृद्धीही तशीच टिकते. अपत्यप्राप्तीची क्षमता उणावू शकते, म्हणून त्याचा विचार आधीच करावा लागतो. शस्त्रक्रिया सर्वांनाच हवी असते असे नाही. तेव्हा सबुरीचा सल्ला आम्हांस मान्य आहे. अल्पवयीनांच्या औषधांविषयी तर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. मात्र सबुरी निराळी, नकार निराळा.

आमच्या घरी पौरोहित्य परंपरेने चालत आले आहे. ‘मुलास ठिकाणावर आणणारी’ शांती सांगा, अशी मागणी येते. तशी शांती आमच्या पाहण्यात नाही. उपचाराच्या नावाखाली अशी ओळख पालटू पाहणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही २०२२ मध्ये डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. आईबापांस मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याचे बळ यावे, असा संकल्प सोडावयाचा असेल तर पंचांग पाहून दिवस अवश्य सांगू. दक्षिणेचा प्रश्न नाही.