परभृतांचा न्याय

'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत सर्वांदेखत शकुंतलेवर कपटाचा आरोप करतो आणि दाखला देतो कोकिळेचा: ती आपली पिले इतर पक्ष्यांकडून वाढवून घेते. आरोप खोटा होता. दाखला मात्र खरा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, म्हणूनच संस्कृताने तिला 'परभृता' म्हटले. भाऊबंदकीच्या दाव्यांत ज्यांचे दिवस जातात, त्या आम्हांस येथे एक प्रश्न पडतो. फसवणूक परक्याची न होता आप्ताची झाली, तर ती अधिक निंद्य की अधिक क्षम्य?

गोल्डनआय नावाची बदके उत्तरेकडील थंड प्रदेशात झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पुष्कळदा एक मादी आपली काही अंडी दुसरीच्या ढोलीत ठेवून जाते. स्वीडनमधील अँडरसन व ऑलुंड या संशोधकांनी अशा अंड्यांतील प्रथिने तपासून २००० साली दाखवून दिले की, या दोन माद्या अनेकदा एकमेकींच्या आप्त असतात. बदकांत माद्या जन्मस्थानाकडे परततात. त्यामुळे मायलेकी व बहिणी शेजारी नांदतात. शिवाय त्यांची पिले जन्मतःच स्वतः चरू लागतात. चार अधिक झाली तरी आईवर भार थोडाच. हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६४ साली मांडलेले गणित येथे लागू पडते: आप्ताचा लाभ नात्याच्या प्रमाणाने गुणावा, तो आपल्या हानीहून अधिक भरला, तर सोसण्याची प्रवृत्ती वंशात टिकते.

परंतु हेच गणित उलटही चालते. हानी मोठी असेल, तर आप्ताचे घरटे नासविणे म्हणजे आपलाच वंश खुडणे होय. युरोपातील कुक्कू पक्ष्याचे पिलू यजमानाची अंडी-पिले पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटते, हे जेनरने १७८८ साली प्रसिद्ध केले. तेथे यजमान परक्या जातीचा. हात आखडायला लावणारे नातेच नाही. निसर्गात रक्ताचे नाते हा केवळ ममतेचा झरा नसून अपायाची मर्यादाही आहे.

म्हणून कोकिळेला आम्ही निर्दोष सोडतो. अपराधाला हेतू लागतो आणि तिच्या ठायी तो नाही. धाकट्याच्या शेतात बांध सरकविणारा थोरला भाऊ मात्र "घरचेच आहे, परक्याचे थोडेच?" असे म्हणतो, तेव्हा तो बदकाचे गणित मांडतो, पण हेतू माणसाचा बाळगतो. नात्यामुळे धाकट्याला क्षमा करणे सुलभ होईल. थोरल्याला घेण्याचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही. क्षमा हे देणाऱ्याचे दान आहे, घेणाऱ्याचा पुरावा नव्हे.

आणि परक्याचे काय? १९५६ च्या कायद्याने दत्तक मूल हे सर्व दृष्टींनी दत्तक घेणाऱ्याचेच मूल ठरविले. अर्थात, रक्त नसलेल्या ठिकाणीही जाणूनबुजून नाते मानता येते, हे माणसाने कायद्याने कबूल केले आहे. मग अपायाची मर्यादा तेवढी रक्तापाशीच का थांबावी? परक्याच्या घरट्यापाशी ज्याचा हात आपण होऊन आखडतो, त्याच्याविरुद्ध दुष्यंताचा तो दाखला चालणार नाही.