ऑलिंपसचे देव आणि आपली मुले

ग्रीकांच्या देवकथा मुलांस सांगाव्या की सांगू नयेत, हा वाद प्रथम उपस्थित केला तो कोणा परधर्मीयाने नव्हे. एका ग्रीकानेच केला. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादात सॉक्रेटिस आदर्श नगरीतील शिक्षणाचा विचार करू लागतो, तेव्हा शरीराच्या व्यायामाआधी तो कथांचा परामर्श घेतो. कारण, तो म्हणतो, मूल तालमीत जाण्यापूर्वी कितीतरी आधी गोष्टी ऐकू लागलेले असते. क्रोनॉसने आपल्या जन्मदात्यास विद्रूप केले आणि पुढे त्याच्या पुत्राने त्याचे राज्य हिरावले. आईस मार बसत असता हेफिस्टस मध्ये पडला म्हणून बापाने त्याला स्वर्गातून खाली भिरकावून दिले. असल्या कथा खऱ्या असल्या तरी कोवळ्या मुलांच्या कानी पडू नयेत, असे त्याचे मत आहे. सांगणे भागच पडले, तर त्या अगदी मोजक्या माणसांस गुप्तपणे सांगाव्या. तेही साध्या डुकराचा नव्हे, तर सहसा न मिळणाऱ्या एखाद्या मोठ्या पशूचा बळी देवविल्यानंतर, म्हणजे श्रोत्यांची संख्या आपोआपच रोडावेल! यातील थट्टा सोडली, तरी तिच्या मागचे कारण थट्टेवारी नेण्याजोगे नाही. रूपक कोणते आणि अक्षरशः खरे कोणते, हे मुलास उमगत नाही. आणि त्या वयात मनावर उमटलेला ठसा सहसा पुसला जात नाही.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा आक्षेप आज आपल्या घरांत नव्या वेषाने आला आहे. अमेरिकेतील रिक रायर्डन या शाळामास्तराचे 'द लायटनिंग थीफ' हे पुस्तक 2005 साली निघाले, आणि पर्सी जॅक्सन नावाच्या मुलाची ही कथा पाच भागांत 2009 साली पुरी झाली. इंग्रजी वाचणारी आपली मुलेही ही पुस्तके मोठ्या आवडीने वाचतात. झ्यूस, पोसायडन, अथीना ही नावे ज्या वयात आपण ऐकलीही नव्हती, त्या वयात ती त्यांच्या तोंडी खेळत असतात. ग्रीसची आपली जुनी ओळख इसापपुरती होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात इसापनीती मराठीत आणली, आणि तिच्यातील कोल्ह्या-करकोच्यांनी कोणाही आईबापांस काळजीत पाडले नाही. कारण तेथे प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्य पहाऱ्यावर उभे असते. ऑलिंपसवरच्या देवांपाशी तसा पहारेकरी नाही. ते खोटे बोलतात, चोरी करतात, परस्त्रियांमागे लागतात, आणि झालेल्या मुलांची विचारपूसही करीत नाहीत. हे वाचून आमच्या मुलांनी काय घ्यावयाचे, असे कोणी विचारले तर त्यास सोवळा म्हणून हसण्यात अर्थ नाही.

या प्रश्नाला ज्यांनी प्रत्यक्ष लेखणीने उत्तर दिले, त्यांच्याकडे आधी पाहू. 1808 साली चार्ल्स लँबने युलिसीसच्या प्रवासाची कथा मुलांसाठी लिहिली. तिचा प्रकाशक विल्यम गॉडविन. हा मोठा राजकीय तत्त्वचिंतक, परंतु त्या वेळी मुलांच्या पुस्तकांचे दुकान चालवीत होता. एकाक्ष राक्षस युलिसीसच्या सोबत्यांना फोडून खातो, हा भाग वाचून तो घाबरला. नाजूक मनाचे लोक काय म्हणतील, मुली हे कसे वाचतील, आणि पुस्तक खपणार कसे, या चिंतेने त्याने लँबला कित्येक जागा सौम्य करावयास सुचविले. लँबने एकदोन किळसवाणे तपशील काढून टाकले. बाकीचे मात्र सोडण्यास तो राजी झाला नाही. मला लँबचा हा हट्ट रास्त वाटतो. गुहेत सहा माणसे खाल्ली गेली नसतील, तर त्या राक्षसाचा डोळा फोडणारा युलिसीस हा केवळ एक दांडगा पाहुणा ठरतो.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी अमेरिकेत नॅथॅनियल हॉथॉर्नने 'वंडर बुक' आणि 'टँगलवुड टेल्स' ही दोन पुस्तके लिहिली. त्याचे धोरण लँबच्या अगदी उलट. या कथांतील क्रौर्य आणि अनाचार हे मूळ झाडाचे अंग नव्हे, ती मागाहून चढलेली बांडगुळे आहेत, अशी त्याची समजूत होती. मुलांपुढे कथा आली की ती आपोआप गळून पडतात, असे तो मानी. इंग्लंडातील चार्ल्स किंग्जलीला हॉथॉर्नची ही तऱ्हा अभिरुचिहीन वाटली, आणि त्याने 1856 साली 'द हीरोज' हे आपले निराळे पुस्तक काढले. पण त्या दोघांच्या भांडणात आपणांस शिरावयाचे नाही. हॉथॉर्नने जे बदल केले त्यांतले काही फार चांगले आहेत आणि काही फार वाईट, आणि तो भेद नेमका कशात आहे हे पाहण्यासारखे आहे.

मिडास राजाच्या स्पर्शाने सर्व वस्तूंचे सोने होते, ही कथा घ्या. ओव्हिडच्या काव्यात राजा भाकरीला हात लावतो, तिचे सोने होते. पाणी मिसळलेल्या मद्याचा घोट घेतो, त्याचेही सोने होते. अखेर उपाशी राहिल्यावर त्याचे डोळे उघडतात, आणि पॅक्टोलस नदीत स्नान करून तो मोकळा होतो. तेथे कन्या नाही. ती हॉथॉर्नने निर्माण केली, आणि बापाच्या एका चुंबनाने तिचा पुतळा करून टाकला. आज ही कथा सांगणारांपैकी कित्येकांस ती कन्या मूळचीच वाटते, इतकी ती तेथे शोभून दिसते. लोभाची किंमत लोभी माणूस एकटा देत नाही, हे ओव्हिडने सांगितले नव्हते. ते मुलास कळेल अशा रीतीने हॉथॉर्नने सांगितले. पँडोराचेही तसेच. हेसिऑडच्या कवितेत ती पहिली स्त्री, पुरुषांस शिक्षा म्हणून घडविलेली. आणि तिच्यापासून झालेली सारी स्त्रीजात म्हणजे पुरुषाच्या गळ्यात बांधलेली धोंड, असा त्या शेतकरी कवीचा त्रागा आहे. हॉथॉर्नने पँडोरा आणि एपिमेथ्यूस या दोघांस अजाण बालके केले; आणि पेटी उघडताना पाहूनही जो गप्प बसला, त्या मुलाच्या पदरीही अपराधाचा वाटा बांधला. हा बदल मुळापेक्षा अधिक न्यायाचा आहे.

आता मिनोटॉरची कथा पाहा. ॲरिअ‍ॅडनी राजकन्येने दिलेल्या सुताच्या आधारे थीस्यूस त्या चक्रव्यूहातून जिवंत परत येतो. तिला आपल्याबरोबर गलबतावर नेतो. आणि नॅक्सॉस बेटावर ती झोपलेली असता तिला तेथेच टाकून निघून जातो. हॉथॉर्नला आपल्या वीराच्या हातून हे घडलेले खपत नाही. म्हणून त्याच्या कथेत राजकन्या म्हाताऱ्या बापाला सोडून येण्यास स्वतःच नकार देते, आणि जे लोक निराळे सांगतात त्यांना तो खोटारडे ठरवितो. येथे माझे मन त्याच्यावर रुष्ट होते. पँडोराच्या कथेत त्याने एका निरपराध स्त्रीवरचा आळ दूर केला. येथे एका अपराधी पुरुषावरचा खरा आरोप पुसून टाकला, आणि जिला टाकले तिचे गाऱ्हाणेच नाहीसे केले. दोन्ही ठिकाणी मुलांच्या कोमल मनाचेच निमित्त आहे. परंतु दुसऱ्या ठिकाणी रक्षण मुलाचे झाले नाही, थीस्यूसचे झाले. मुलांसाठी कथा बदलणाऱ्या कोणाही लेखकास हा प्रश्न विचारावा असे मला वाटते: हा बदल तुम्ही कोणाच्या सोयीसाठी केला?

या दृष्टीने रायर्डनकडे वळले म्हणजे प्रथम आश्चर्य वाटते. त्याची भाषा हलकीफुलकी. ऑलिंपस न्यूयॉर्कमधील एका गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर. मेड्यूसा रस्त्याच्या कडेला बागेतल्या पुतळ्यांचे दुकान मांडून बसलेली. जुन्या पंडितास हा सारा पोरखेळ वाटावा. परंतु देवांच्या ज्या दोषाने प्लेटो अस्वस्थ झाला, तो दोष त्याने झाकलेला नाही. त्याच दोषावर पाचही पुस्तके रचली आहेत. पर्सी आणि त्याचे सोबती ही देवांना मानवी जोडीदारांपासून झालेली मुले. एका शिबिरात ती राहतात. आपले दैवी आईबाप कोण हे त्यांतल्या कित्येकांस ठाऊकही नसते, आणि देवाने ओळख द्यावी म्हणून ती वाट पाहत बसतात. हर्मीसचा मुलगा ल्यूक हा या उपेक्षेने जळून देवांच्या शत्रूस जाऊन मिळतो. तो चुकतो, पण त्याची तक्रार खोटी आहे असे लेखक कोठेही म्हणत नाही. अखेरच्या पुस्तकात देव पर्सीस अमरत्व देऊ करतात, ते तो नाकारतो, आणि यापुढे आपली मुले तेराव्या वर्षापर्यंत ओळखावी अशी शपथ त्यांच्याकडून घेतो. कर्णाची कथा ज्यांनी घरी ऐकली आहे, त्या मुलांस या प्रसंगाची टोचणी समजावून सांगावी लागत नाही. उलट एक सोय अशी की, ज्यांच्यापुढे आपल्या देव्हाऱ्यात निरांजन लागत नाही, त्या देवांस जाब विचारताना मुलाची जीभ अडखळत नाही. हेफिस्टसला फेकले ते अन्यायाचे झाले, असे ते बेधडक म्हणते. असे म्हणण्याची सवय त्याला कोठेतरी लागली पाहिजे. मुलास रूपक कळत नाही हे प्लेटोचे म्हणणे खरे असेल. पण अन्याय कळतो, आणि बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, हे त्याने हिशेबात धरले नाही.

असे असूनही एका जागी मी थबकतो. पर्सीच्या आईचा नवरा हा आळशी, उद्धट आणि बायकोवर हात टाकणारा आहे. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस मेड्यूसाचे मस्तक पर्सीच्या हाती असते. त्याने ते वापरले नाही. आपल्या आयुष्याचा निर्णय आपणच केला पाहिजे, असे आई म्हणते, तेव्हा तो ते तिच्याजवळ ठेवून निघून जातो. इथवर सर्व उत्तम. मुलाने आईचा तारणहार होण्याचा मान सोडावा, ही सूक्ष्मता जुन्या कथेत नाही. पुढे तो नवरा नाहीसा होतो, एक दगडी पुतळा चांगल्या किमतीस विकला जातो, आणि त्या पैशांत आईचे अपुरे शिक्षण सुरू होते. मुले येथे पोट धरून हसतात. मीही हसलो, पण एका माणसाचा जीव गेला आणि त्याची जाणीव कोणालाच झाली नाही, हे हसू ओसरल्यावर खटकते. रक्ताने माखलेली गुहा मुलांस दाखवू नये म्हणून गॉडविन धडपडला. मला त्या गुहेपेक्षा हा स्वच्छ, गमतीदार पुतळा अधिक जोखमीचा वाटतो. गुहेत मेलेला माणूस निदान मेलेला दिसतो.

म्हणून पुस्तक हातातून काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलास ते खुशाल द्यावे, आणि त्याचे हसणे हसून झाले म्हणजे मूळ कथाही सांगावी. पर्सीचे पूर्ण नाव पर्सियस. ज्याच्यावरून ते ठेवले त्या वीराची आई डॅनाई हिच्यामागे सेरिफॉस बेटाचा राजा पॉलिडेक्टीस हात धुऊन लागला होता, आणि त्याच्या जुलमास भिऊन तिने देवाच्या वेदीचा आश्रय घेतला होता. पर्सियस परत आला, राजवाड्यात गेला, आणि राजाने जमविलेल्या साऱ्या मित्रमंडळीसमोर त्याने ते मस्तक वर धरले. जो जसा होता तसा प्रत्येकजण दगड झाला. अपोलोडोरसच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथात ही हकीकत एकदोन वाक्यांत उरकली आहे. त्या मंडळीत केवळ बोलावणे आले म्हणून आलेला एखादा होता काय, हे तेथे सांगितलेले नाही. आणि ऐकणारे मूल बहुधा तेच पहिल्याने विचारते.