सल्ला विचारल्यावर



तरुणांना सल्ला विचारायचा आणि निर्णय मात्र मोठ्यांनीच घ्यायचा, हा त्यांचा सन्मान की निव्वळ देखावा?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मतदारांनी १९९५ साली युवा आयोगाला कौल दिला. १२ ते २३ वयाच्या १७ सदस्यांनी महापौरांना व नगर मंडळाला सल्ला द्यावा, मुलांशी मुख्यत्वे संबंधित ठराव अंतिम निर्णयापूर्वी त्यांच्याकडे जावा आणि त्यांनी १२ दिवसांत मत कळवावे, अशी तरतूद झाली. निर्णय मात्र नगर मंडळाचाच.

यात गैर नाही. ज्याच्यावर जबाबदारी, त्याचाच निर्णय. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनीही मठाधिपतीला महत्त्वाच्या बाबतीत सर्वांचे, अगदी लहानांचेही मत घ्यायला सांगितले. निर्णय मात्र त्याच्यावरच सोपवला.

परंतु सल्ला विचारणाराही बांधला जातो. सल्ला मानलाच पाहिजे असे नाही. तो मनापासून ऐकला पाहिजे आणि नाकारला तर कारण सांगितले पाहिजे. कारण न सांगता बाजूला सारलेला तरुण एवढेच शिकतो, की बोलून उपयोग नाही. मग उद्या त्याने जबाबदार नागरिक व्हावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

घरात असो वा नगरपालिकेत, 'तुला काय वाटते?' असे विचारताना उत्तर ऐकण्याची आणि नकाराचे कारण देण्याची तयारी आपण ठेवू या.