नटवायची का चालवायची?

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला, हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं आणि म्हणाला, "सर, एकदा काय ते सांगून टाका. गाडी नटवायची का चालवायची?" मला राग आला. सहा महिने दर शनिवार-रविवार नाशिकहून गावी यायचं, अंगणातल्या कडुलिंबाखाली वडिलांच्या पिकअपशी झटायचं, गंजलेल्या बोल्टवर डिझेल ओतून रात्रभर वाट बघायची, आणि हा त्याला नटवणं म्हणतो! मी म्हटलं, "दोन्ही." तो म्हणाला, "दोन्ही नाय होत," आणि पुन्हा गाडीखाली गेला.

गाडी महिंद्राची एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. मूळ विलिस जीपचीच भावकी, पण बॉनेट नाही. केबिन थेट इंजिनावर बसवलेली, त्यामुळे तोंड चपटं आणि मुद्रा कायम आश्चर्यचकित. अमेरिकेत ही गाडी १९६५च्या सुमारास बंद झाली, आपल्याकडे मात्र त्यानंतरही बनत राहिली. वडिलांनी १९७८ साली घेतली तीही जुनीच. ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध इंजिनाचं झाकण. थंडीत पहाटे कांदा घेऊन लासलगावला निघालं की माझी जागा त्या झाकणावर, खाली बारदान घालून. बाजार येईपर्यंत बूड भाजलेलं आणि कान गोठलेले. पेट्रोल परवडेना तेव्हा वडिलांनी तिच्यात डिझेल इंजिन टाकलं. मग झाकण बसेना, म्हणून ते ठोकून उंच केलं. ते ठोकलेलं झाकण अजून तसंच आहे.

जुन्या वस्तूंचा जिव्हाळा, वापरून फेकून देण्याचा जमाना, यावर वाचकांनी पुष्कळ वाचलेलं असतं. ते सोडून देऊ. मला छळतोय तो दोन शब्दांमधला फरक : दुरुस्ती आणि जीर्णोद्धार. दुरुस्ती उद्याच्या खेपेसाठी असते. पाटा तुटला, बदलला, निघाले. जीर्णोद्धाराला मात्र मागचा एखादा दिवस गाठायचा असतो. मी सुरुवात केली ती अर्थातच जीर्णोद्धार म्हणून. दुरुस्ती काय, कोणीही करतं.

या कामात माझे गुरू नाशिकचे एक स्नेही. त्यांच्याकडे एक जुनी फियाट आहे. तिच्यात बसताना ते चपला काढतात. "गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी झाली पाहिजे," हा त्यांचा सिद्धांत. स्क्रूची खाचसुद्धा त्या काळातली हवी. एका दरवाजाच्या हँडलसाठी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजाराच्या किती बुधवार-रविवारी खेपा घातल्या, हे ते वारीच्या थाटात सांगतात. माझं डिझेल इंजिन पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. "हे आधी काढा," म्हणाले.

मी त्यांना विचारलं, कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती होती काय? त्या काळी मालाच्या गाड्या बहुतेक वेळा चेसिस आणि पुढचं तोंड एवढ्यावरच मिळत. मागची बॉडी ज्याने त्याने आपल्या गावी बांधून घ्यायची. आमच्या गाडीचा हौदा येवल्याच्या सुताराने बाभळीच्या फळ्यांचा केला आणि पट्ट्या लोहाराने मारल्या. म्हणजे मूळ दिवस गाठायचा तर हौदा काढून टाकायचा आणि मागे दोन उघड्या लोखंडी पट्ट्या घेऊन मिरवायचं? स्नेही म्हणाले, "फियाटचं तसं नाही." नसेलही. पण फियाटने कांदा कधी वाहिला? (हा युक्तिवाद नव्हे, हे मलाही कळतं.)

त्याच आठवड्यात डाव्या दरवाजाचा रंग काढायला बसलो. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत गेलो तसा वरचा पांढरा गेला, खाली पिवळा निघाला. पिवळ्याखाली लांबीचा करडा थर, त्याखाली हिरवा. पांढरा वडिलांचा, पिवळा बहुधा मधल्या कोणाचा, हिरवा आधीच्या मालकाचा. रुपयाएवढ्या जागेत तिन्ही कडी एकात एक, झाडाच्या खोडासारखी. यातला मूळ कोणता? स्नेही म्हणतील, हिरवा. पण ज्या गाडीत मी बसलो होतो ती हिरवी कधीच नव्हती.

एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच राहतं का, ही थिसियसच्या जहाजाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला आठवला तो नागसेनाचा रथ. औरंगाबादला शिकायला होतो तेव्हा मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून रोज जाणं होई. बाबासाहेबांनी त्या परिसराला नागसेनवन असं नाव का दिलं, हे कळायला मला 'मिलिंद प्रश्न' हाती पडावा लागला. यवन राजा मिलिंद रथातून भेटायला येतो आणि भिक्षू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाकं? दांडी? लगाम? एकेक करून राजा नाही म्हणत जातो, आणि शेवटी रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव ठरतं. हा संवाद मी किती तरी वेळा वाचला असेल. परवा गाडीखालून मिस्त्रीचे पाय बाहेर आलेले बघताना पहिल्यांदा ध्यानात आलं की तिथे सारथ्याला कोणी विचारलंच नाही. राजाला रथ पोहोचण्यापुरता ठाऊक, भिक्षूला दृष्टांतापुरता. आस कुठे करकरते हे ज्याला माहीत, तो बाहेर घोड्यांना पाणी पाजत असणार.

आरटीओचं उत्तर नागसेनापेक्षा सोपं आहे. गाडी म्हणजे चेसिस नंबर. पट्टीवर खोदलेल्या आकड्यांवर पेन्सिलीने घासायचं, वर चिकटपट्टी दाबायची, उचलायची आणि कागदावर चिकटवायची. आमच्या गाडीचा नंबर गंजाखाली गेला होता. तारेच्या ब्रशने हळूहळू घासत शेवटचा आकडा दिसला तेव्हा मी आणि मिस्त्री दोघंही उगाचच हसलो. बाकी काहीही बदला, ही वीतभर पट्टी गेली की गाडी मेली.

२०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची, खासगी वापराची गाडी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, आणि रोजच्या कामाला ती काढायची नाही. मालाच्या गाडीला या यादीत जागाच नाही. स्नेही हळहळले. मलाही आधी वाईट वाटलं, पण मग वाटलं, नियम करणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ओझं वाहणाऱ्या गाडीला 'काम करू नकोस' या अटीवर मान द्यायचा, तर तिच्यापाशी उरलं काय?

इथवर मी खुशीत होतो. पण हा धागा पुढे जातो. चार वर्षांपूर्वी गावातल्या महादेवाच्या हेमाडपंती मंदिराला आतून टाइल्स लावायचं ठरलं, तेव्हा ग्रामसभेत उभं राहून भांडलो तो मीच. काळा दगड, कोरीव खांब, त्यावर ऑइलपेंट, 'मूळ स्वरूप' वगैरे सगळं बोललो. तेव्हा एक म्हातारी म्हणाली होती, "तू वर्सातून एकदा येतो. आमाला रोज धुवावं लागतं." त्यांनी त्याला जीर्णोद्धार म्हटलं, पावतीपुस्तकही त्याच नावाने छापलं, पण करत होते ती दुरुस्ती. माझ्या ठोकलेल्या झाकणाला मी मान देणार असेन तर त्यांच्या टाइल्सना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? दगड परत मिळत नाही आणि पत्रा मिळतो, एवढा फरक मी काढून बघितला. तो खराही आहे. पण म्हातारीला तो पटवून देता येईल असं वाटत नाही, आणि आता मलाही पूर्वीसारखा पटत नाही. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

गेल्या रविवारी पोहोचलो तर गाडी लिंबाखाली नव्हती. दरवाजे रेडऑक्साइडवरच, काचा बसलेल्या नाहीत, आणि मिस्त्री ती घेऊन कांदाचाळीपाशी उभा. हौद्यात बारा गोण्या. "पाटे वजनाबिगर कळत न्हाईत," म्हणाला. मी रंगाचं विचारलं. तो खाली वाकून पाट्यांकडे बघत होता, त्याने ऐकलं नाही. गोण्यांच्या कडांना ओला लाल रंग लागला होता, आणि परवाच घासून साफ केलेल्या हौद्यात कांद्याची टरफलं उडत होती.