किती जण?

आगरदांड्याहून राजपुरीची खाडी ओलांडून दिघीस जावयाचे, म्हणजे मोटारीसह फेरीबोटीत चढावे लागते. गेल्या दिवाळीच्या सुटीत धक्क्यावर तिकिटे फाडणाऱ्या इसमाने मला विचारले, ‘‘किती जण?’’ मी म्हणालो, ‘‘चौघे.’’ त्याने मोटारीत एकवार डोकावून पाहिले आणि सहज म्हटले, ‘‘पाच जण आहात, साहेब.’’ आई, पत्नी, मुलगा व मी हे चौघे. पाचवी, आईच्या शुश्रूषेसाठी ठेवलेली बाई. चार पैसे वाचवावयाचे मनात नव्हते, तिचे विस्मरणही झाले नव्हते. ‘चौघे’ ह्या शब्दात ती माझ्या मनाने धरलीच नव्हती.

व्याकरण शिकविण्यात ज्याचे केस पिकले त्याला ही गोष्ट अधिकच लागावी. मराठीने माणसांसाठी दोघे, तिघी, चौघे अशी निराळी रूपे राखली आहेत. पुढे जण आणि जणी येतात. होड्या दोन, गाई दोन. ‘दोघी गाई’ म्हणावयाचे तर मुलांना गोष्टच सांगावयास बसले पाहिजे. अर्थात ही सवलत आहे, सक्ती नव्हे. ‘दोन माणसे’ म्हटल्याने कोणाची मराठी अशुद्ध ठरत नाही.

सक्ती पाहावयाची तर थाई भाषेकडे वळावे. त्या भाषेत नामाला लिंग नाही, वचनाचा प्रत्यय नाही. पण मोजावयाचे झाले की आधी नाम, मग संख्या आणि मग त्या वस्तूची जात सांगणारा शब्द, असा क्रम पाळावा लागतो. जनावराला ‘तुआ’, म्हणजे शरीर. गंमत अशी की मेज आणि खुर्चीही ह्याच शब्दाने मोजतात. माणसाला ‘खोन’. भिक्षूला मात्र ‘रूप’, आणि राजाला व बुद्धमूर्तीला ‘ओंग’. पहिला शब्द आपल्या संस्कृतातलाच, दुसरा आपल्या ‘अंगा’चे रूपांतर. रानातला हत्ती ‘तुआ’च असतो, तो माणसाळला की ज्या शब्दाने मोजला जातो त्याचा अर्थ दोर! बंधन हेच त्या प्राण्याचे परिमाण होऊन बसले.

इतकी काटेकोर भाषा बोलणारा मनुष्य अधिक न्यायी होत असेल काय? मला तसे वाटत नाही. सयामात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1905 साली. आपल्याकडे पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होई, आणि ‘दोघी’ हा शब्द मराठीत तेव्हाही होता. ह्याच खाडीच्या मुखाशी जंजिरा उभा आहे. तिथल्या सिद्दींच्या आफ्रिकी पूर्वजांपैकी कित्येकांना गुलाम म्हणून समुद्रपार आणले होते. मोजताना त्यांना कोणत्या शब्दाने मोजले ह्याने त्यांच्या नशिबात काय फरक पडला असता? व्याकरण फार तर मोजलेल्याला कोणत्या मानाने मोजावे हे सांगते. मोजणीत कोणाला घ्यावे हे ते सांगत नाही. तो निर्णय वाक्य उच्चारण्यापूर्वीच झालेला असतो, आणि म्हणूनच तो बोलणाराच्या ध्यानातही येत नाही. माझे वाक्य तर निर्दोष होते.

दिघीस उतरल्यावर टपरीपाशी चिरंजीवांनी चहा सांगितला, ‘‘चार.’’ मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, ‘‘अरे, एक बिनसाखरेचा सांग. तिला साखर चालत नाही.’’