दोन किलोंची झोळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांची भेट आहे. आपण दत्तभक्त ती कथा लहानपणापासून ऐकत आलो. चोवीस गुरूंची यादी कित्येकांना पाठही असते. पण ती यादी ज्या प्रश्नातून निघाली तो प्रश्न मात्र आपण फारसा ध्यानात ठेवत नाही. राजाने विचारलं, महाराज, तुमच्याजवळ काहीच नाही, तरी तुम्ही एवढे आनंदात कसे? राजाजवळ सगळं होतं, म्हणून त्याला हा प्रश्न पडला. म्हटलं तर हा प्रश्न ब्रह्मज्ञानाचा आहे आणि म्हटलं तर साधा सामानाचा आहे. माणसाला बरोबर काय घ्यावं लागतं आणि काय टाकून गेलं तरी चालतं?

हा प्रश्न आज आपल्या घराघरांत एका निराळ्याच निमित्ताने येऊ लागला आहे. गेल्या काही वर्षांत आपली ज्येष्ठ मंडळी चारधाम यात्रेला हेलिकॉप्टरने जाऊ लागली. सहा जणांनी मिळून खासगी हेलिकॉप्टर ठरवायचं, देहरादूनच्या सहस्रधारा हेलिपॅडवरून निघायचं आणि यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री करून परत यायचं. काही जण गुप्तकाशी, फाटा किंवा सिरसीपर्यंत गाडीने जातात आणि तिथून फक्त केदारनाथपुरतं उडतात. पायी जावं की उडत जावं, हा वाद इथे घालायचा नाही. गौरीकुंडापासून सुमारे 16 किलोमीटरची चढण ज्यांचे गुडघे चढू शकतात त्यांनी चढावी. ज्यांचे नाही चढत त्यांनाही केदारनाथ तितकाच आपला.

खरी गंमत तिकीट काढल्यानंतर सुरू होते. सामानाचा नियम हातात पडतो. पूर्ण चारधामासाठी माणशी साधारण 5 किलो, आणि केदारनाथच्या नुसत्या फेरीला माणशी 2 किलो. दोन किलो! आमच्याकडे कुणी पंढरपूरला एका रात्रीसाठी निघालं तरी पिशवी पाच किलोंची होते. त्यात आणखी अट अशी की सामान मऊ पिशवीत हवं. चाकांची टणक बॅग चालत नाही, कारण सामान ठेवायची जागाच मुळात लहान आणि वेडीवाकडी असते. उड्डाणाआधी पिशवी काट्यावर चढते आणि तिच्या मागोमाग माणूसही चढतो. माणसाचं वजन 80 किलोंच्या वर असेल तर वरच्या किलोंचे जादा पैसे द्यावे लागतात.

हा नियम कुणाच्या लहरीने केलेला नाही, हे आधी समजून घेऊ. हेलिकॉप्टरचे पंखे हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर उचललं जातं. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. तिथे हवाच विरळ, त्यामुळे पंख्यांना ढकलायला हवा कमी आणि इंजिनालाही श्वास कमी. जे यंत्र खाली सहज उचलेल ते वर उचलेलच असं नाही. मग वैमानिक, इंधन, माणसं आणि पिशव्या यांची बेरीज करावी लागते. कोण कुठे बसणार हेसुद्धा वजन पाहून ठरतं, कारण तोल एका बाजूला जाऊन चालत नाही. त्या बेरजेत तुमची पिशवी एकटी नसते. ती बाकी सगळ्यांच्या पिशव्यांबरोबर मांडलेली असते.

आता घरातलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. पलंगावर सामानाचे ढीग पडलेत आणि शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा.

"अहो, हा नारळ इथूनच न्यायचा, आईंच्या वेळेपासूनचा नवस आहे."

"अगं, एक नारळ म्हणजे अर्धा किलो गेला. आणि हा तांब्या कशाला?"

"गंगेचं पाणी आणायला नको?"

"लिटरभर पाणी म्हणजे पुरा एक किलो. मग माझ्या गोळ्या तू खिशात घालणार का?"

असा संवाद ज्या घरात होत नाही ते घर एक तर फार सुखी, नाहीतर यात्रेला न जाणारं. थोड्या वेळाने लक्षात येतं की ढीग तीन आहेत. पहिला ढीग 'लागेल' या शब्दाचा. त्यात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र, कानटोपी, एक गरम कपडा. दुसरा 'लागलं तर' या शब्दाचा. जादा स्वेटर, तीन प्रकारचे मलम, चिवड्याचा डबा, दुसऱ्या चपला. तिसरा ढीग 'लोक काय म्हणतील' याचा. फोटोसाठीची भरजरी साडी, नवा कुर्ता, सगळ्यांना दाखवायचं चांदीचं निरांजन.

तिसरा ढीग टाकायला फार वेळ लागत नाही. मनाला थोडं टोचतं, पण कळतं. कठीण आहे तो दुसरा ढीग. 'लागलं तर' म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, ती भीती आहे. आणि म्हातारपणातली भीती ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. ज्याने एकदा परगावी रात्रभर थंडीत कुडकुडत काढली आहे तोच दोन स्वेटर घेतो. म्हणून 'सगळं सोडा, निःसंग व्हा' असा उपदेश कुणी वातानुकूलित खोलीत बसून केला तर तो कानाला गोड लागतो, हाडांना लागत नाही.

इथे अवधूताची एक गुरू उपयोगी पडते. ती म्हणजे कुमारिका. घरी पाहुणे आलेत, ती आत भात कांडते आहे आणि हातातल्या बांगड्या वाजताहेत. आवाज बाहेर गेला तर घरची गरिबी कळेल, म्हणून ती एकेक बांगडी उतरवत गेली. शेवटी प्रत्येक हातात एकेकच राहिली तेव्हा आवाज थांबला. ही कथा एकांताचं महत्त्व सांगण्यासाठी आहे. पण पिशवी भरताना तिच्यातली आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलीने हात रिकामे केले नाहीत. एकेक बांगडी ठेवली. आवाज थांबेल इतकंच उतरवलं.

हिमालयात हवामान तासातासाला फिरतं. ढग उतरले की उड्डाण बंद होतं आणि दोन तासांसाठी वर गेलेला माणूस वरच अडकून पडतो. अशा वेळी ज्याने 'माझा देवावर भरवसा आहे' म्हणून औषधं खालच्या खोलीत ठेवली, त्याचा भार कुणावर पडणार? शेजारच्याच्या गोळ्यांवर आणि शेजारच्याच्या पांघरुणावर. म्हणजे गरजेपेक्षा कमी नेणं हाही दुसऱ्याच्या वाट्यातून घेण्याचाच एक प्रकार झाला. तेव्हा दोन दिवस पुरतील इतकी औषधं पिशवीत हवीतच. जाड स्वेटर आणि बूट पिशवीत न कोंबता अंगावर चढवावेत. कापूर आणि काड्यापेटी घरी ठेवावी. त्या ज्वालाग्राही वस्तू आहेत, आणि उडत्या यंत्रात त्यांना जागा नाही, मग त्या देवाच्या नावाने का नेलेल्या असेनात.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. काही जण काट्याला फसवण्याच्या युक्त्या सांगतात. नोंदणीत वजन कमी लिहा, जड वस्तू जाकिटाच्या खिशात घाला, एक पिशवी पदराआड धरा. 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य तर ठरलेलंच. बसमध्ये आपण चार पिशव्या जास्त नेल्या तर आपलेच पाय अवघडतात. हेलिकॉप्टरचा हिशेब असा नाही. सहा जणांनी 'एवढ्याने काय होतंय' म्हणून दोन दोन किलो लपवले तर ते बारा किलो होतात. काट्याला ते दिसले नाहीत तरी हवेला दिसतात. वैमानिकाने ज्या आकड्यावर विश्वास ठेवून उड्डाण ठरवलं तो आकडाच खोटा निघाला, तर धोका लपवणाऱ्यापुरता राहत नाही, शेजारी हात जोडून बसलेल्या पाच निष्पाप माणसांनाही तो असतो. देवाच्या दारात पाय ठेवण्याआधी खोटं बोलून पोचायचं, हे कुठल्या यात्रेत बसतं?

परिग्रह म्हणजे साठवण. आपल्याला वाटतं की साठवण ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. माझं कपाट, माझी पिशवी, तुम्हाला काय करायचंय? हेलिकॉप्टरमध्ये हा समज टिकत नाही. तिथे माझा जास्तीचा किलो कुणाच्या तरी वाट्यातून येतो. विचार केला तर जमिनीवरही तो तसाच येतो, फक्त तिथे काटा नसल्यामुळे कळत नाही. आपल्या दत्तपरंपरेत मधुकरी मागतात ती याचसाठी. मधमाशी फुलाफुलातून थोडं थोडं घेते, तसं प्रत्येक घरून थोडंच घ्यायचं, कुठलंही घर उणं पडू द्यायचं नाही. आणि आपले महाराज पाहा. पहाटे काशीला स्नान, दुपारी कोल्हापुरात भिक्षा, रात्री माहूरला निद्रा, अशी त्यांची दिनचर्या परंपरा सांगते. एका दिवसात एवढा प्रवास, आणि सामान किती? झोळी आणि कमंडलू.

यावर कुणी म्हणेल, मग देवघरातली मूर्ती, पादुका, यांचं काय? त्याही ओझंच का? दत्तात्रेय स्मर्तृगामी आहेत, आठवण केली की धावून येतात. आठवणीला वजन नसतं. मानसपूजेला तांब्याही लागत नाही. हे खरंच आहे. पण दुसरीही बाजू बघा. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज (1854–1914) संन्यासधर्म पाळून देशभर पायी फिरले. त्यांच्यापाशी सामान म्हणावं असं काही नसे. पण दत्तमूर्ती असे. ज्यांनी सगळं सोडलं त्यांनी ती एक गोष्ट सोडली नाही. तेव्हा मूर्ती न्यावी की न न्यावी, असा सरसकट नियम करता येत नाही. एवढंच म्हणता येईल की महाराजांनी ती स्वतः वाहिली, आणि तिच्यापायी दुसऱ्या कुणाचं काही कमी झालं नाही. या दोन कसोट्या लावून पाहाव्यात. तळहाताएवढी मूर्ती घ्यायची म्हणून भरजरी साडी मागे राहिली, तर ती मूर्ती ओझं नव्हे. मूर्तीसाठी शेजारणीला तिची पिशवी हलकी करायला लावली, तर मात्र आहे.

शेवटची शंका जरा जास्त खोल आहे. नियमाने सोडायला लावलं म्हणून सोडलं, यात वैराग्य कसलं? एवढे पैसे भरून हेलिकॉप्टरने जायचं आणि दोन किलोंची पिशवी मिरवत अपरिग्रहाच्या गप्पा मारायच्या, हे ढोंग नाही का? शंका रास्त आहे. काट्याने वैराग्य येत नाही. पण अवधूताने कुरर पक्ष्याला गुरू केलं ते आठवा. कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बाकीचे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. चोची बसल्या तेव्हा त्याने तुकडा टाकला. तो काही विचारपूर्वक विरक्त झाला नव्हता. त्याच्यावरही सक्तीच झाली होती. तरीही तो गुरू ठरला, कारण तुकडा टाकल्यानंतर त्याला सुख मिळालं आणि ते अवधूताने पाहिलं. सक्तीने सुटलेली वस्तूही शिकवते, सुटल्यावर आपल्याला कसं वाटलं ते नीट पाहिलं तर. न पाहता परत येऊन पुन्हा तोच तुकडा चोचीत धरला, तर यात्रा फुकट गेली.

म्हणून खरी परीक्षा केदारनाथला होत नाही, ती परतल्यावर होते. गुप्तकाशीच्या खोलीत ठेवून गेलेली मोठी बॅग पुन्हा उघडाल तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: वर असताना यातल्या कशाची आठवण झाली? बहुतेक वेळा उत्तर दोन-तीन वस्तूंपलीकडे जात नाही. मग घरच्या कपाटांकडे, माळ्यावरच्या पेट्यांकडे, 'लागलं तर' म्हणून वीस वर्षं ठेवलेल्या भांड्यांकडे नजर निराळी होते. आपल्या वयाला हे लवकर कळलेलं बरं. एक प्रवास असा आहे की त्याला दोन किलोंचीही परवानगी नाही.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला केदारनाथचे दरवाजे बंद असतात. पण त्याच चमोली-रुद्रप्रयागच्या मुलखात, गोपेश्वरजवळच्या मंडल गावाच्या वर अनसूयामातेचं मंदिर आहे आणि दत्तजयंतीला तिथे जत्रा भरते. त्या आईच्या दारी डोंगर चढूनच जावं लागतं. आपल्यापैकी फार थोड्यांना ते जमेल. सगळ्यांना जमेल असं एक मात्र आहे. या दत्तजयंतीला आपल्या 'लागलं तर' या ढिगातली एक चांगली वस्तू, एखादं धड ब्लँकेट, एखादी शाल, बाहेर काढा आणि ज्याला या थंडीत ती आज लागणार आहे त्याला देऊन टाका. देताना हात थोडा अडखळेल. तेवढंच आपलं खरं ओझं, बाकीचं काट्यावर मोजता येतं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥