गाण्याचे पावित्र्य कुठे राहते?

१९३८ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये २३ वर्षांची एक कृष्णवर्णीय गायिका गिटार घेऊन उभी राहिली आणि मुख्यतः गोऱ्या, मद्य घेत बसलेल्या प्रेक्षकांसमोर देवाची गाणी गाऊ लागली. ३१ ऑक्टोबरला डेका कंपनीने तिची चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि २३ डिसेंबरला ती कार्नेगी हॉलच्या मंचावर होती. ही सिस्टर रोझेटा थार्प. रॉक अँड रोलचा उगम शोधणारे आज तिच्यापाशी येऊन थांबतात. त्या काळी मात्र तिला वाढवणाऱ्या चर्चमधल्या अनेकांना वाटले की या मुलीने देवाचे गाणे बाजारात नेले. त्या रागात एक खरा प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ जुन्या काळचा कर्मठपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. गाण्याचे पावित्र्य जागेत असते, शब्दांत असते, सुरात असते की गाणाऱ्याच्या मनात? माझ्या मते यांपैकी एकट्या कशातही ते नसते. गाणारा स्वतःला कोणाचा देणेकरी मानतो आणि ते देणे कसे फेडतो, यावर ते ठरते. प्रश्न धर्माचा असला तरी आज गिटार शिकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीशी त्याचा संबंध आहे, कारण दुसऱ्याचा सूर उचलल्याशिवाय कोणीच वादक होत नाही.

रोझेटाने काय उचलले ते आधी पाहू. तिचा जन्म १९१५ मध्ये आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावचा. आई केटी बेल न्यूबिन मँडोलिन वाजवायची, गायची आणि गावोगाव प्रवचने करायची. ती ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या पेंटेकॉस्टल पंथाची होती. चार्ल्स हॅरिसन मेसन यांच्या नेतृत्वाखाली १९०७ मध्ये या पंथाने आजचे रूप घेतले. इथे टाळ्या, डफ, ढोल, गिटार, अंगात वारे भरल्यासारखे नाचणे, हे सारे उपासनेचाच भाग होते. स्त्रियांना पाळकाची दीक्षा मिळत नसे, पण देवाविषयी बोलण्याची आणि गाण्याची मुभा होती. लहानपणीच रोझेटा आईबरोबर गिटार वाजवत फिरू लागली आणि पुढे मायलेकी शिकागोच्या चाळिसाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये रुजल्या. याच पंथातली अंध पियानोवादक ॲरिझोना ड्रेन्स हिने १९२६ मध्ये केलेली ध्वनिमुद्रणे ऐकली की रोझेटाचा वेग कुठून आला ते कळते. डाव्या हाताचा न थकणारा ठेका आणि त्यावर उजव्या हाताची उसळी रोझेटाने सहा तारांवर आणली. म्हणजे तिच्या घडणीत आधी दोन स्त्रिया आहेत, आणि दोघींनीही आपले वाद्य उपासनेतच चालवले.

आता आक्षेपाच्या मुळाशी जाऊ. सूरच पवित्र किंवा अपवित्र असतो असे मानले, तर हे चर्चच अडचणीत येते. ज्या गिटारीला आणि ठेक्याला प्रतिष्ठित बॅप्टिस्ट व मेथडिस्ट मंडळी गुत्त्याचे संगीत म्हणत नाक मुरडत होती, तोच ठेका मेसन यांच्या अनुयायांनी वेदीपुढे आणला. त्यांचा आधार होता स्तोत्रसंहितेतल्या दीडशेव्या स्तोत्राचा; त्यात तंतुवाद्ये, डफ, झांजा आणि नृत्य यांनी देवाची स्तुती करायला सांगितले आहे. थॉमस डॉर्सी यांची गोष्टही तशीच. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज गायिका मा रेनीच्या साथीला बसणाऱ्या आणि १९२८ मध्ये उघड शृंगारिक ब्लूज गाजवणाऱ्या या माणसानेच पुढे गॉस्पेल संगीताला त्याचे आधुनिक रूप दिले. रोझेटाचे १९३८ चे ‘रॉक मी’ मुळात डॉर्सींचेच भक्तिगीत. गुत्त्यातला सूर चर्चमध्ये येऊन शुद्ध होत असेल, तर चर्चमधला सूर नाचघरात गेल्यावर भ्रष्टच होतो असे म्हणायला वेगळे कारण द्यावे लागेल.

ते कारण देणारे देतात, आणि ते वजनदार आहे. सूर तटस्थ असेल, पण शब्द ऐकणाऱ्याच्या कानात बदलतात. ‘रॉक मी’ चर्चमध्ये देवाच्या कुशीत विसावा मागते, तर क्लबच्या मंद दिव्यांत तीच आळवणी प्रियकरासाठी वाटते. हे खरे आहे, आणि क्लबमालकांना ते ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय लकी मिलिंडरच्या वाद्यवृंदाबरोबर रोझेटाने ‘आय वॉन्ट अ टॉल स्किनी पापा’ गायले, ज्यात देवाचा मागमूसही नव्हता. त्या गाण्याला भक्तीचा मुलामा देण्याची गरज नाही. ते साधे करमणुकीचे गाणे होते आणि माझ्या कसोटीला ते उतरत नाही. पण एका गाण्यावरून सगळा प्रवास निकालात काढता येत नाही. १९४४ मध्ये तिने सॅमी प्राइसच्या पियानोच्या साथीने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ ध्वनिमुद्रित केले. शब्द अखेरच्या न्यायाच्या दिवसाचे, अंगावर येणारी इलेक्ट्रिक गिटार आणि मागे पियानोचा खणखणीत बूगी ठेका. १९४५ मध्ये हे गाणे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या ज्यूकबॉक्सच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. कान बदलला म्हणून तिने शब्द सौम्य केले नाहीत. चर्चमध्ये कधी न जाणाऱ्यांनी नाणे टाकून न्यायाचा दिवस ऐकला.

नाणे टाकून, हीच दुसरी हरकत. मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. हरिकथा विकणाऱ्यांवर तुकोबांनी जे कोरडे ओढले आहेत ते आपल्याकडे सर्वांना माहीत आहेत. रोझेटाने तर १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर स्वतःचे लग्नही तिकीट लावून केले आणि हजारो लोक आले. याउलट गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सन यांनी नाइटक्लबमध्ये गाण्यास आयुष्यभर नकार दिला. मी महेलियांचा नकार कमी लेखत नाही. ते एक व्रत होते आणि व्रताला स्वतःचे तेज असते. पण त्यांनीही ध्वनिमुद्रिका विकल्या, मोठ्या सभागृहांत तिकिटाचे कार्यक्रम केले. पैसा दोघींकडेही आला. फरक होता तो दार कुठे लावायचे याचा. तुकोबांचा राग मला ज्या कारणाने पटतो ते वेगळे आहे: मोबदला मिळाला की सांगणारा ऐकणाऱ्याच्या मर्जीचा होतो. म्हणजे पाहायचे ते हे, की पैसे घेऊनही गाणारीने श्रोत्यांना फक्त हवे तेच दिले, की त्यांच्याकडून काही मागितलेही?

रोझेटाचे वादन मागणारे होते. तिच्या पंथात गाणे एकट्याचे नसते. पुढचा हाक देतो, मंडळी ओ देतात, आणि ओ आली नाही तर हाक अपुरी राहते. ती सवय तिच्या हातात होती. ओळ म्हणून ती थांबते आणि गिटार एकेका तारेवर त्या ओळीला उत्तर देते. १९६४ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने मँचेस्टरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तिचा कार्यक्रम चित्रित केला. रुळांच्या एका बाजूला ती, दुसऱ्या फलाटावर तरुण ब्रिटिश प्रेक्षक, आणि वर पाऊस. तिने नोहाच्या महापुराचे गाणे सुरू केले आणि त्या परक्या पोरांना ओ द्यायला लावली. कोणी म्हणेल, मग कुठल्याही रॉक मैफलीतला गलका पवित्रच म्हणायचा का? नाही. गलका स्वतःभोवती फिरतो. इथे हाक एका गोष्टीकडे, एका परंपरेकडे आणि तिच्या मते देवाकडे जात होती, आणि ती कुठून आली हे गाणारी लपवत नव्हती.

तरुण वादकांसाठी तिचा सल्ला तिच्या वागण्यातच सापडतो. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी कार्यक्रमाआधी १४ वर्षांच्या एका मुलाला तिने आपली गाणी गाताना ऐकले, त्याला मंचावर घेतले आणि वर पैसेही दिले. तो पुढे रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड झाला. त्याची पुढची कहाणी मात्र माझ्या मताला आव्हान देते. १९५७ मध्ये ऐन भरात त्याने रॉक सोडून धर्मप्रचार धरला, मग परतला, मग पुन्हा सोडले. त्याला दोन्ही जगे एकत्र ठेवता आली नाहीत. म्हणजे रोझेटाची वाट सर्वांसाठी नाही, हे मान्य करायला हवे. तिला ती जमली, कारण तिचा पाया बालपणापासून मंडळींसमोर पक्का झाला होता. ज्याने पाया वेगळ्या जागी घातला, त्याच्या वाट्याला ही फाटाफूट येऊ शकते.

देणेकरी असण्याची दुसरी बाजू तिच्या नंतरच्यांकडे आहे. १९७३ मध्ये फिलाडेल्फियात तिचे निधन झाले, आणि कितीतरी वर्षे तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. गायक जॉनी कॅशने १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधल्या आपल्या सन्मानाच्या वेळी तिचे नाव घेतले; त्याच हॉल ऑफ फेमने तिला मात्र २०१८ मध्ये घेतले. तिच्या ताना वाजवून मोठ्या झालेल्या अनेकांना तिचे नाव ठाऊक नव्हते. म्हणून शिकणाऱ्या मुलीने आधी ॲरिझोना ड्रेन्सची १९२६ ची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, मग रोझेटाची १९३८ आणि १९४४ ची. रोझेटा तारा उघड्या जुळणीत लावायची, म्हणजे तारा नुसत्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड उमटावी अशा. तशी गिटार लावून पाहावी, ओळ म्हणून थांबावे, उत्तर तारेवर द्यावे. आणि पहिल्याच कार्यक्रमात कोणाचे वाजवतो आहोत, ते नाव घेऊन सांगावे.